आळशी भाषेची बाई

"तुम्ही कॉम्प्युटरमधल्या ना? मग जरा आमचा प्रिंटर बघता का?"

नाशिकला राहायला आल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की कुणी नुसतं "तुम्ही कॉम्प्युटर" एवढं म्हणालं तरी माझं डोकं फिरतं. मी प्रिंटर बघत नाही. मला प्रिंटरमधलं काही कळत नाही. माझी सगळी नोकरी प्रोग्रॅमिंगच्या भाषा कशा घडवायच्या या विचारात गेली, आणि त्यातही अशा भाषा, की कॉलेज रोडवरच्या एकाही क्लासच्या पाटीवर त्यांची नावं सापडायची नाहीत.

फंक्शनल भाषा म्हणतात त्यांना. समजावून सांगायला गेलं की दुसऱ्याच वाक्याला समोरच्याची नजर फोनकडे वळते, म्हणून मी आता थोडक्यात उरकते. नेहमीच्या भाषेत कॉम्प्युटरला हुकूम सोडायचे असतात. आधी हे कर, मग ते कर, इथलं पूस, तिथं लिही. आमच्याकडे हुकूम नाहीत. कशाला काय म्हणायचं तेवढं नीट सांगायचं, बाकीचं तो बघून घेतो. आणि मी ज्या भाषेवर पीएचडी केली ती तर आळशी आहे. हा माझा शब्द नव्हे, शास्त्रातच तसं म्हणतात. उत्तर कुणी मागेपर्यंत ती काही करतच नाही. माणूस ताटावर बसला की पोळी लाटायची, तोवर कणीक झाकून ठेवायची. एक मागितली तर एकच लाटायची. मला यात अजूनही फार सुंदर काहीतरी दिसतं, आणि या वयात ते सांगायला मी लाजत नाही.

हे एकदा मी आमच्या कॉलेजच्या परीक्षा विभागातल्या भाऊसाहेबांना सांगितलं. ते देवळ्याकडचे, तोंडाने तिखट, मनाने चांगले.

"अवो मॅडम," ते म्हणाले, "मागितल्याबिगर काम नाय करायचं, हे तर सरकारी ऑफिसात लय आधीपासून चालू हाय. त्याला पीएचडी कशाला?"

सगळा विभाग हसला. मीही हसले. घरी येऊन मात्र नवऱ्यावर उगाचच चिडले.

शेवटच्या वर्षाला हा विषय मी ऐच्छिक म्हणून शिकवते. बहुतेक मुलं तो घेतात ती बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या म्हणून. पहिला महिना रडारड. "मॅडम, एरर जातच नाही." "मॅडम, लूप कुठे लिहायचा?" लूप नाहीये रे बाबा, लूप नसतोच इथे, हे मी किती वर्षं सांगतेय! प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येतात आणि जर्नलची पानं उलटत विचारतात, "प्रोग्रॅम एवढाच? बाकीची पानं कुठे गेली?" चार ओळींत काम झालं याबद्दल मार्क कापणारा परीक्षक मी स्वतः पाहिलाय. पण दिवाळीच्या सुमारास एखाददुसऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळतं. ते बघण्यासाठी मी टिकून आहे.

यंदा हवा बदलली. नव्या फॅशनचे विषय आणायचे, जुने काढायचे, असं वारं सुटलं होतं आणि काढायच्या विषयांत माझ्या विषयाचं नाव आघाडीवर होतं. त्याच दिवसांत तिसऱ्या वर्षाची एक मुलगी मला जिन्यात भेटली. हरसूलकडची, हॉस्टेलला राहणारी. माझ्या वर्गाच्या मागच्या बाकावर ती येऊन बसायची, परवानगी न विचारता. म्हणाली, "मॅडम, पुढच्या वर्षी मला तुमचा विषय घ्यायचाय. राहील ना तो?"

"राहील की," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले कोण जाणे.

प्राचार्यांना भेटले. ते वाईट गृहस्थ नाहीत, फक्त सतत घाईत असतात. "मॅडम, विषय उत्तमच आहे हो," ते म्हणाले, "पण त्याचा उपयोग काय, ते दिसायला हवं. काहीतरी करून दाखवा ना कॉलेजसाठी."

मी परीक्षेची बैठकव्यवस्था करून दाखवायचं ठरवलं. आमच्याकडे एका शाखेची दोन मुलं शेजारी बसवायची नाहीत असा नियम आहे. त्यात मागच्या वर्षांचे राहिलेले विषय देणारी मुलं, मोडकी बाकं, खांबाआडच्या जागा. दर परीक्षेला भाऊसाहेब आणि दोन मास्तर त्यात गळ्यापर्यंत बुडतात. माझ्या भाषेत तो सगळा नियमांचा गुंता एका पानात मावला. इतका देखणा प्रोग्रॅम मी बऱ्याच दिवसांत लिहिला नव्हता.

केबिनमध्ये प्राचार्यांसमोर लॅपटॉप ठेवला, बटण दाबलं आणि पापणी लवते न लवते तोच पहिल्या हॉलची बैठक पडद्यावर हजर. एका शाखेची मुलं कुठेच शेजारी नाहीत. ते पुढे वाकले.

"झालं?"

"झालं," मी म्हणाले.

आमच्या धंद्यात असंच बोलतात. व्याख्या लिहिली की झालं. त्यांनी पहिला हॉल बघितला, म्हणून भाषेने पहिलाच हॉल लाटून वाढला. बाकीच्या हॉलांची कणीक तशीच झाकलेली होती, कारण ते कुणी मागितलेच नव्हते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. याच गोष्टीवर मी प्रबंध लिहिलाय! पण मी आधी छोट्या यादीवर सगळं तपासलं होतं, आणि समोरचा माणूस इतका खूश होता.

"वा!" ते म्हणाले.

"आणि विषयाचं?" मी विचारलं.

"बघू," ते म्हणाले.

आपल्याकडे 'बघू' म्हणजे नाही, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. मी मात्र तो होकार धरून चालले. पुढच्याच आठवड्यात अभ्यासक्रमाची बैठक झाली. बटाटेवडे आले, चहा आला, शेवटी प्राचार्यांनी विचारलं, आणखी कुणाला काही मांडायचंय का. मी गप्प बसले. म्हटलं, ते स्वतःच माझ्या विषयाचं नाव काढतील. आपलं काम बोलेल. माझ्या शेजारच्या सरांनी हात वर केला, काहीतरी बोलले. मी वडा खात होते.

प्रोग्रॅम परीक्षा विभागाच्या कॉम्प्युटरवर चढवून दिला होता, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी मी येवल्यात होते. बहिणीच्या मुलीच्या लग्नाची पैठणी घ्यायची होती. दुकानात गादीवर बसून बहीण तिसऱ्यांदा त्याच दोन रंगांत अडकली होती आणि माझा धीर सुटत चालला होता, तेवढ्यात भाऊसाहेबांचा फोन.

"मॅडम, तुमचं मशीन गप बसून हाय. गेटवर लावायची समदी यादी मागितली. सकाळधरनं नुसतं फिरतंय. आता तर माऊस बी हालत नाय."

मला दुकानात बसल्या बसल्या सगळं कळलं. शेवटचा हॉल म्हणे, आधीच्या हॉलांतून कोण उरलं ते सांगा. त्याच्या आधीचा म्हणे, मग मला माझ्या आधीचं सांगा. असे 'नंतर करू'चे ढीग मेमरीत साचत गेले आणि मशीन त्याखाली दबलं. या विषयातल्या प्रत्येकाच्या आयुष्यात हे कधी ना कधी होतं. मी हे फळ्यावर दर वर्षी शिकवते, आकृती काढून.

"बंद करा," मी ओरडले. "मी येते."

बहिणीला पैठण्यांच्या ढिगात सोडून मी एसटी पकडली. विंचूरला कांद्याचे ट्रॅक्टर रस्ताभर, गाडी मुंगीच्या पावलांनी. कंडक्टर आरामात तंबाखू मळत होता. मला त्याचा राग आला, कांद्याचा आला, पैठणीचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या 'झालं' शब्दाचा आला. मी पोचले तोवर भाऊसाहेबांनी दोन मास्तरांना हाताशी धरून नेहमीच्या पद्धतीने चिठ्ठ्या चिकटवून सगळी व्यवस्था उरकली होती. परीक्षा सुरळीत झाली. माझ्याशिवाय कुणाचं काही बिघडलं नाही.

"आळशी भाषा म्हणालाच होता तुम्ही," भाऊसाहेब म्हणाले. चेष्टेनेच, पण लागलं.

दुरुस्ती एका ओळीची होती. पुढचा हॉल मागायच्या आधी हातातला हॉल पुरा कर, एवढंच भाषेला बजावायचं. रविवारी दुपारी ती ओळ घातली आणि चहा ठेवला. चहा उकळायच्या आत गेटची यादी, सगळे हॉल, सगळं तयार. छापायला अर्थातच शेजाऱ्यांकडे जावं लागलं, ज्यांचा प्रिंटर मी कधी बघितला नव्हता त्यांच्याकडे. त्यांनी बिचाऱ्यांनी काही न बोलता कागदही घरचे वापरले.

सोमवारी तो गठ्ठा घेऊन मी केबिनमध्ये गेले. प्राचार्यांनी पानं चाळली, मान डोलावली.

"छान. पुढच्या परीक्षेला हेच वापरू."

"आणि माझा विषय?"

त्यांनी चष्मा काढला. खरोखरच गोंधळलेले दिसले. "विषयांचं त्या बैठकीतच ठरलं की, मॅडम. एक जागा होती. मी विचारलं, कुणाला काही मांडायचंय का. तुमच्या शेजारच्या सरांनी मागितली, त्यांना दिली."

"पण या प्रोग्रॅमवरून तुम्ही..."

"प्रोग्रॅमचा काय संबंध? तुम्ही समोरच बसला होतात. तुम्ही मागितली असती तर तुम्हाला दिली असती. मला काय, सगळे विषय सारखेच."

"तुम्ही बघू म्हणाला होतात."

"हो ना. मग आठवण करायची."

सगळे विषय सारखेच! तीस-बत्तीस वर्षं मी ज्याच्यासाठी वाद घातले, घरी-दारी हसं करून घेतलं, त्याचा निकाल बटाटेवड्याच्या प्लेटवर लागला होता आणि त्यात माझ्या चुकलेल्या प्रोग्रॅमचासुद्धा हात नव्हता. प्रोग्रॅम बिघडला म्हणून विषय गेला असता तर मला झोप तरी लागली असती. मी गठ्ठा टेबलावर टाकून बाहेर आले. इतका संताप झाला होता, की रडू येतंय हे मला जिन्यापाशी पोचल्यावर कळलं.

जिन्यात ती हरसूलची मुलगी उभी होती. पुढच्या वर्षाचे विषय निवडायची मुदत तोंडावर आली होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून ती जरा थबकली, पण बोललीच.

"मॅडम, यादीत तुमचा विषय दिसत नाहीये. मला तोच हवा होता."

इतक्या वर्षांत कुणीही माझ्याकडे हे इतक्या सरळ मागितलं नव्हतं. मीही कुणाकडे कधी मागितलं नव्हतं. मी तिला म्हणाले, "थांब इथेच."

मी परत केबिनमध्ये शिरले. दार वाजवलं नाही. प्राचार्य फोनवर होते, त्यांनी हाताने थांबा म्हणून खुणावलं. मी थांबले नाही.

"सर, माझा विषय मला पाहिजे. जादाचा म्हणून ठेवा, शनिवारी ठेवा, सकाळी सातला ठेवा. पण पुढच्या वर्षीच्या यादीत तो घाला. मागतेय मी."

त्यांनी फोन बाजूला धरला.

"बघू," ते म्हणाले.

मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसले.

"बघा," मी म्हणाले.