पंच फितूर नव्हती

ती घटना मला आजही आठवते, पण इतकी वर्षं मी ती चुकीची सांगत आलो. "पंच फितूर झाली आणि केस पडली," एवढंच म्हणायचो आणि विषय बदलायचो. स्वेच्छानिवृत्ती घेऊन तीन वर्षं झाली. आता खरं काय ते लिहितो.

तेव्हा मी तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यालगतच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. एका होडीचं मशीन चोरीला गेलं. होडीमालकाचा संशय त्याच्या खलाशावर. डोंगरपट्टीतला, तिशीचा माणूस, हंगामापुरता कामाला येणारा. चोरीच्या दुसऱ्याच दिवशी तो न सांगता गावी निघून गेला होता.

चौथ्या दिवशी सकाळी खबऱ्याचा फोन आला. खाडीच्या कडेला तिवरांच्या झाडीत, गोणपाटाखाली मशीन पडलंय. हवालदार गेले, घेऊन आले, ठाण्याच्या आवारात उतरवलं. दुपारी आमची गाडी खलाशाच्या गावी पोचली. तो शेतात होता, हातात विळा.

"पळालास का?" ठाण्यात आणल्यावर मी विचारलं.

"पलालो नाय सायेब. भात कापाया गेलतो. दरसाल जातो."

"मग मालकाला सांगितलं का नाहीस?"

"सांगलं तर सोडीत नाय तो."

दोन तास हेच. मी आवाज चढवला, दोन कानाखालीही दिल्या. तो उत्तरावरून हलला नाही. तरी चोर हाच, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. आरोपीनं पंचांसमोर जागा सांगितली आणि त्यावरून वस्तू सापडली, तर तेवढं सांगणं पुरावा ठरतं. माझ्याकडे वस्तू होती, सांगणं नव्हतं. मी ते लिहून काढलं. आरोपीनं निवेदन केलं, पंचांना तिवरांपाशी नेलं, मशीन काढून दिलं. मुद्देमाल रजिस्टरला मशीनची नोंदही संध्याकाळची घातली.

पंच हवे होते. सालवडला राहणारा कारखान्यातला एक कामगार मिळाला. दुसऱ्या पंच म्हणून बाजार आवरून निघालेल्या मावशींना हाक मारली. त्या सुकी मासळी विकायच्या, अख्खं ठाणं त्यांना मावशीच म्हणे.

"मावशी, इथं सही करा."

"कसली सही?"

"मशीन सापडलं त्याची."

त्यांनी टोपली खाली ठेवली आणि सही केली. पंचनामा मी वाचून दाखवला नाही.

खलाशाला जामीन मंजूर झाला, पण त्याच्यासाठी जामीनदार उभा राहीना. केस पालघरच्या कोर्टात सुनावणीला आली तोवर त्याचे सात महिने तुरुंगात गेले होते.

कामगार पंच नोकरी सोडून आपल्या मुलखात गेला होता, त्याचं समन्स परत आलं. फिर्यादीची साक्ष झाली. मग शिपायानं मावशींचा पुकारा केला. सरकारी वकिलांनी सरतपासात विचारलं, "आरोपी तुम्हाला खाडीवर घेऊन गेला होता ना?"

"नाय. मी खाडीवर गेलीच नाय."

"पंचनाम्यावर सही तुमची आहे ना?"

"सही माजीच. पन मशीन तर सकालीच ठाण्यात आलेलं. मी टोपली घेऊन जाताना बघितलं."

त्यांना फितूर जाहीर करायला सरकारी वकिलांनी परवानगी मागितली आणि त्यांचा उलटतपास घेतला. मावशी काही बदलल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत वकील मला व्हरांड्यात म्हणाले, "तुम्ही ठाम राहा. तपासी अंमलदाराच्या साक्षीवरही शिक्षा लागू शकते."

मावशी तिथंच बाकावर बसल्या होत्या. मी तणतणत गेलो. "मावशी, तुमच्याच लोकांचं मशीन चोरीला गेलं, आणि तुम्ही चोराला सोडवता?"

"चोर गावला तर मीच त्याला कोयती दाखवीन," त्या म्हणाल्या. "पन त्यानं चोरलं ते तुमी बघितलं? मी गेल्या सालचा बोंबील यंदाचा म्हणून इकला तर तुमीच माज्यावर वरडाल. नि तुमी काय इकलंत, सायेब?"

मी मागं फिरलो. डबा तसाच राहिला.

दुपारी मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. शपथ घेतली. सरतपासात पंचनामा माझ्याच अक्षरातला आहे, एवढं सांगितलं. आरोपीच्या वकीलबाई मोफत विधी सेवेतून मिळालेल्या, नवख्या होत्या. त्यांनी उलटतपासात विचारलं, "मशीन ठाण्यात किती वाजता आलं?"

रजिस्टर माझ्या बाजूनं होतं. 'संध्याकाळी' एवढा एक शब्द पुरला असता. समोर खलाशी उभा होता, माझ्याकडे बघतही नव्हता. त्याला माझ्याकडून काही अपेक्षाच नव्हती.

"सकाळी," मी म्हणालो. "आरोपीला आणण्याच्या आधी."

टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मग हा पंचनामा?"

"मी नंतर लिहिला, साहेब. पंचांना वाचून दाखवला नाही."

"याचे परिणाम माहीत आहेत तुम्हाला?"

"हो."

खलाशी निर्दोष सुटला. माझ्या वरिष्ठांना कोर्टाचं पत्र गेलं, खात्यांतर्गत चौकशी झाली, शिक्षा झाली. ती मी भोगली. खरा चोर कधीच सापडला नाही. कोर्टाबाहेर खलाशानं मला हात जोडले, ते मात्र अजून सोसत नाही. त्याचं भात त्या वर्षी शेतातच झडलं होतं.

कोर्टात प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. सरकारी वकील मांडतात, आरोपीचे वकील तपासतात, न्यायाधीश ठरवतात. पण त्या सगळ्यांच्या हातात येतो तो आम्ही लिहिलेला कागद. तो आधीच खोटा असेल, तर पुढच्यांनी चोख काम करूनही निर्दोष माणसाला शिक्षा होते. त्या दिवशी ती झाली नाही, मावशींमुळे.

त्यानंतर नोकरी होती तोवर प्रत्येक पंचनामा मी पंचांना मोठ्यानं वाचून दाखवला. सहकारी हसायचे. "साहेबांचं पारायण सुरू झालं," म्हणायचे.

परवा बाजारात मावशींकडे सुक्या कोलंबीचे सोडे घेत होतो. एक तरुण उपनिरीक्षक घाईनं आला. शेजारच्या दुकानात चोरी झाली होती. "साहेब, तुम्ही आमच्याच खात्यातले. पंच म्हणून एक सही द्या ना."

"आधी जागा दाखवा," मी म्हणालो. "मग वाचून दाखवा."

त्यानं दोन्ही केलं. मी पंचनाम्यातली एक चुकलेली वेळ दुरुस्त करायला लावली आणि सही केली. मागून मावशींचा आवाज आला, "आता कसं, सायेब!"

सोडे त्यांनी मूठभर जास्तच घातले.