वरून ओतलेलं दूध

मला वाचवलं ते महारोग्यांच्या दवाखान्यातल्या एका आटपाडीकडच्या म्हातारीनं. तिच्या दोन्ही हातांत मिळून साडेपाच बोटं होती. नाव लिहीत नाही, कारण गावाकडं ती मेली असंच सगळे धरून चालतात. काय झालं ते पुढं सांगते, पण आधी तिचं सांगायला हवं होतं.

मी नगरकडची. पाचवीत शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न झालं, आणि नवऱ्याला सांगलीजवळच्या या दवाखान्यात गाडी चालवायचं काम मिळालं म्हणून एवढ्या लांब, दवाखान्याच्या आवारातल्याच खोलीत राहायला आले. मला बायकांच्या वॉर्डात सकाळचं दूध वाटायचं काम दिलं. आमच्याकडं आजोबांपासून ख्रिस्ती धर्म. आजोबांना गावात पाणी वरून ओंजळीत मिळायचं, भांड्याला भांडं लागू द्यायचे नाहीत. प्रभूच्या घरात तसं नसतं असं कळलं म्हणून ते तिकडं वळले, हे वडील फार अभिमानानं सांगत. प्रभूनं महारोग्याला हात लावला ती गोष्ट मला लहानपणापासून तोंडपाठ. ती न अडखळता म्हटल्याबद्दल चर्चच्या रविवारच्या शाळेत चित्राचं कार्डही मिळालं होतं.

तर अशी मी, ओट्याच्या दोन पायऱ्या वर उभी राहून हातभर उंचीवरून दूध ओतायची. निम्मं वाटीत, निम्मं जमिनीवर. नवरा एकदा म्हणाला, हे बरं दिसत नाही. मी म्हटलं, प्रभूला घरी सहा महिन्यांचं पोर नव्हतं. त्या दिवशी जेवणाआधी त्यानं माझ्यासाठी मोठ्यानं प्रार्थना केली, ती मला भांडणापेक्षा जास्त लागली.

म्हातारी मात्र सरळ बोलायची. एका सकाळी वाटी पुढं धरून म्हणाली, "आवं बाई, रोज मुंग्यांस्नीबी वाटताय. त्याबी पेशंटच हायत व्हय?"

सगळा वॉर्ड हसला. मी पायरी सोडली नाही.

मग उन्हाळ्यात, अंघोळ करताना, डाव्या हातावर अधेलीच्या नाण्याएवढा फिकट डाग दिसला. डागाला स्पर्श कळत नसेल तर तो वाईट, एवढं मी तिथं शिकले होते. टाचणी घेतली आणि टोचली. दुखलं. मग वाटलं, खरंच दुखलं की दुखावं अशी इच्छा झाली? पुन्हा टोचली. चार दिवसांत त्या जागेची अशी चाळण केली की आता तिथं काही कळत होतं की नव्हतं, हे सांगणं कुणालाच शक्य नव्हतं.

भीती रोगाची कमी, नियमाची जास्त. आईला रोग निघाला की तान्हं मूल मुलांच्या आश्रमात पाठवायचे. वॉर्डातल्या दोघी-तिघींची तशी गेलेली होती. मी पोराला फडक्यात गुंडाळून पाजायला लागले, हात शक्य तितका लांब ठेवून. तो रडायचा, मीही. भर एप्रिलात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घातलं आणि नवऱ्याला सांगितलं की मला थंडी वाजते. त्यानं खरं मानलं. गाडी सोडून त्याला कशातलंच कळत नाही, हे तेव्हा माझ्या पथ्यावर पडलं.

म्हातारीनं नाही मानलं. दूध संपल्यावर मला कोंबड्यांच्या खुराड्यामागं बोलावलं आणि बाही वर कर म्हणाली. मी नाही म्हटलं. तिनं माझं मनगट धरलं आणि स्वतःच बाही सारली. खाली पडलेलं एक पीस उचलून मला डोळे मिटायला लावले, आणि जिथं लागेल तिथं बोट ठेवायला सांगितलं. मी ठेवत गेले. इथं, इथं, इथंही.

"आत्ता म्या लावलंच न्हाई," ती म्हणाली. "न लावताबी कळतंया तुला. लय हुशार कातडी हाय तुजी."

डोळे उघडले तर ती डाग उन्हात धरून बघत होती. शिबं आहेत म्हणाली, घामानं येतात. गंधकाचं मलम लाव, आणि माझ्यावर विश्वास नसेल तर डाक्टरला विचार. विश्वास नव्हताच. मी धावत डॉक्टरांकडं गेले. त्यांनी मान वर करून एकदा पाहिलं, गंधकाचं मलम लिहून दिलं, आणि टाचणीच्या जखमांना वेगळं औषध दिलं. या कशानं झाल्या असं विचारल्यावर मी मांजर म्हणून सांगितलं.

परत तिच्याकडं गेले, कारण आभार मानायचे राहिले होते. पण तुला हे सगळं एवढं कसं कळलं, असलं काहीतरी विचारलं.

"माजं सा म्हयन्याचंच नेलं हुतं," ती म्हणाली. "तुजं ऱ्हाऊ दे. जा, पाज त्याला, मगापास्नं रडतंय."

तिनं मनगट धरलं होतं हे मला घरी गेल्यावर, पोराला पाजताना आठवलं. हात धुवायचा राहिला होता, आणि त्या दिवशी मी तो धुतलाही नाही. यात माझी फार मोठी श्रद्धा होती असं समजू नका. पोर हातात झोपलं होतं, उठता येत नव्हतं. दुसऱ्या सकाळी मी एक पायरी खाली उतरले. दुसरी उतरायला पावसाळा उजाडला.

तिचा तो मुलगा आता साताऱ्यात मोटारीच्या कारखान्यात कामाला आहे, हे आमच्या ह्यांनीच शोधून काढलं. त्याची बायको-पोरं आहेत, आणि सासरी त्यानं आई नाही असं सांगितलेलं आहे. म्हातारीला एवढंच बघायचंय की तो दिसतो कुणासारखा. मागच्या महिन्यात मी एकटी एसटीनं निघाले. दारात उभं राहून काय बोलायचं ते पाठ करत होते. कराड गेलं तरी पहिल्या वाक्यावरच होते. उंब्रजला घाबरून उतरले, चहा प्यायले आणि परतीच्या गाडीत बसले. म्हातारीला सांगितलं, गाडी बिघडली. ती हसली आणि कुठल्या गावाला बिघडली ते विचारलं.

पुन्हा जाणार आहे. पहिलं वाक्य न जमलं तरी त्याच्या दारापर्यंत जाईन, आणि एक ना एक दिवस त्याला हाताला धरून तिच्यापुढं उभा करीन.