दहाव्याचा कावळा

माझा कावळ्यावर विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते त्याच्याच भरवशावर केलं.

हैदराबादेत, बरकतपुऱ्यातल्या दोन खोल्यांत ती आणि मी सात वर्षं राहिलो. नवराबायको राहतात तसं. हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या जामबागच्या घरी मी ‘पुण्याची रूममेट’ होते. तिसरी आमची कुत्री, लॅब्राडोर. पिल्लं विकणाऱ्या एकाने तिची लागोपाठ चार वेतं काढून घेतली आणि मग तिला रस्त्यावर सोडून दिलं. आमच्याकडे आली तेव्हा पोट लोंबत होतं, आणि कमरेला हात लावला की घाबरून मुतायची. ते जायला वर्ष लागलं.

“हिला आता बाळंतपण नक्को,” ती म्हणायची. तिच्या हैदराबादी नक्कोवर अपील नसायचं. “हिला कुणी विचारलं होतं का? मला तरी कुठं विचारतात.” दर दिवाळीला घरचे तिच्यासाठी एक स्थळ घेऊन बसलेले असायचे.

कुत्रीच्या नसबंदीची तारीख ठरली आणि त्याच आठवड्यात तिच्या स्वतःच्या गर्भाशयात गाठ निघाली. “माझं होऊ दे, मग हिचं करू,” म्हणाली. ती त्यातून उठली नाही.

कुत्रीच्या लसीच्या पुस्तिकेत मालक म्हणून तिचं एकटीचं नाव होतं. हा माझाच शहाणपणा. दोन बायकांची नावं शेजारी शेजारी दिसली तर डॉक्टर नसत्या चौकशा करेल, म्हटलं.

दहाव्याला नदीवर मी मागे, शेजारणींच्या घोळक्यात उभी होते. पिंड मांडला. कावळे समोरच्या झाडावर, पण एकही खाली येईना. मेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, म्हणून एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायचा. भाऊ म्हणाला, आईला सांभाळीन. वहिनीने काहीतरी नवस बोलून पाहिला. कावळे ढिम्म. ऊन चढलं. तेवढ्यात तिची आई म्हणाली, “एक लेकरू झालं असतं तर पोरीचा जीव अडकला नसता.”

माझं डोकंच फिरलं. काय राहिलंय ते मला माहीत होतं. पुढे होऊन एवढंच म्हणायचं होतं, की कुत्रीला मी सांभाळीन, तिला परत विऊ देणार नाही. पण मग, तू कोण, हे आलंच. सात वर्षं गप्प राहायची सवय. मी भावाजवळ गेले आणि हळूच म्हटलं, “तिचा जीव कुत्रीत होता.”

तो मोठ्याने म्हणाला, “तुझी कुत्री मी सांभाळीन.” आणि कावळा उतरला. आई रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

दुपारी तो आमच्या घरी आला. “ताई, तुम्ही कशाला ताप घेता? मी शब्द दिलाय.” तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण कावळा शिवला होता. मला वाटलं, तिनेच हो म्हटलंय. मी पट्टा दिला, भांडं दिलं, पुस्तिका दिली. ऑपरेशन राहिलंय, म्हटलं. “करू की,” तो म्हणाला.

फोन केला की सांगायचा, मजेत आहे. चौथ्या महिन्यात बिस्किटं घेऊन जामबागला गेले तर कुत्री तिथे नव्हतीच. शहराबाहेर त्याच्या मित्राचं शेत होतं, मोकळी जागा होती, म्हणून तिकडे ठेवली होती. मी रिक्षा करून तशीच तिकडे गेले.

शेडमागे साखळीला बांधलेली. पोटाशी पिल्लं, अजून डोळे न उघडलेली. मला पाहून उठायला गेली, पण उठवेना.

मी भावाला फोन लावला. म्हटलं, मी हिला घेऊन चाललेय. तो शांतपणे म्हणाला, “सांभाळतोच आहे की आम्ही. मादी आहे ताई, पिल्लं व्हायचीच. आणि पुस्तिकेत तुमचं नाव आहे का?”

कावळ्याला भूक लागली होती, दुसरं काही नाही. मी त्याला विचारलं, आणि जिला विचारायचं ती कुत्री त्या दुपारी घरात दाराशी बसली होती.

मी खाली बसले आणि तिच्या कमरेवर हात ठेवला. ती मुतली.