कस्तुराबाईंनी टोकलं

चुडाव्याच्या स्टेशनापासून दीड कोसावर एक वाडी आहे. तिथं मुंजाजींना विचारा, जन्मात किती विहिरी फोडल्या, तर ते म्हणतील, "असतील शंभर-दीडशे." त्यांच्या बायकोला, कस्तुराबाईंना विचारा. त्या पदर सावरून सांगतील, "दोनशे अकरा." आणि बाईंचाच आकडा खरा.

विहीर फोडायची म्हणजे बार उडवायचे. खडकात भोकं पाडायची, त्यात सुरुंगाचा मसाला ठासायचा, वात पेटवायची आणि वर येऊन लांब पळायचं. हे काम मुंजाजींनी बत्तीस वर्षं केलं. त्या बत्तीस वर्षांत बाईंनी काय केलं? सकाळी भाकरी बांधून दिली आणि तोंड गप्प ठेवलं. निघालेल्या माणसाला टोकायचं नसतं, बारवाल्याला तर नाहीच नाही. 'कुठं चाललात' नाही, 'जपून' नाही, 'नका जाऊ' तर बापजन्मात नाही. सासूनं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "तू टोकलंस तर त्याचं ध्यान तुज्याकडं ऱ्हाईल, आन् वातीकडं न्हाई ऱ्हायचं." सासू काही खोटं बोलत नव्हती.

मग बाई दारात बसून बार मोजायच्या. आज सहा भोकं आहेत, एवढं आदल्या दिवशी कानावर आलेलं असायचं. सहावा धडाका झाल्याशिवाय चुलीवर तवा चढायचा नाही. एकदा सहाचे पाचच वाजले. बार दबला, म्हणजे न फुटता राहिला, की ज्यानं वात लावली त्यानंच जाऊन बघायचं, दुसऱ्याला पाठवायचं नाही, ही त्या धंद्याची रीत. बाईंना ती ठाऊक होती. मुंजाजी दिवेलागणीला घरी आले तोवर त्या उंबऱ्यावरून हलल्या नव्हत्या. आणि आल्यावर काय बोलल्या? "पाय धुवा." बस्स! मी म्हणतो, त्यापुढं बार उडवणं सोपं. वात तरी आपल्या हातात असते.

बारांनी मुंजाजींचे हातपाय राखले, पण कान खाल्ले. आधी डावा गेला, मग उजवा. आता यंत्र लावलं की थोडंफार ऐकू येतं. यंत्र काढलं की सगळी भिस्त बाईंच्या ओठांवर.

त्यांची लेक अर्पिता कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेवर बाई आहे. चार वर्षं ती मागं लागली होती, "माय, एकदा बाबांला घेऊन ये. दर्या तर बघा." शेवटी यंदा कापूस घरात आल्यावर दोघं निघाले. एक रेल्वे, दोन एसट्या, अंगाचा पार भुगा. दर्यापाशी गेल्यावर बाईंनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि निकाल दिला, "आपल्या शाळेम्होरल्या बोरच्या पाण्यावानीच हाय. जरा जास्ती खारं." अर्पिता हसून हसून बेजार झाली.

रविवारी सकाळी तिनं दोघांना फुंकणी दाखवायला नेलं. गावाबाहेर काळा कातळ समुद्रात घुसलेला आहे. त्याच्या पोटात लाटांनी गुहा कोरलीय आणि वर रांजणाच्या तोंडाएवढं भोक पडलंय. त्या भोकाला तिथले लोक फुंकणी म्हणतात. लाट आत शिरली की आधी खालून घुमतं, मग धडाका होतो आणि दोन परस, म्हणजे दोन माणसं उंच पाणी उडतं. भोवती दोरी बांधलेली. खारं पाणी लागून बिघडायला नको म्हणून मुंजाजींनी कानातलं यंत्र काढून खिशात घातलं आणि बघत राहिले.

"कस्तुरे, खालून पोकळ आन् वर तोंड बारीक. बराबर ठासलाय," ते म्हणाले. "ह्यो कारागीर लय जुना दिसायलाय." धंद्यातल्या माणसानं धंद्यातल्या माणसाची तारीफ करावी तशी त्यांनी समुद्राची तारीफ केली. बाईंना मनातून बरं वाटलं. नवरा एवढा खुश झालेला त्यांनी लय दिवसांत पाहिला नव्हता.

अर्पिता शहाळी आणायला वरच्या टपरीकडं गेली. बाई खाली बसून सवयीनं मोजत होत्या. सहा झाले. सातवा काही येईना. लाटा मागं हटल्या, भोक गप्प झालं. मुंजाजींनी थोडी वाट पाहिली, मग मान हलवली. "दबला," ते म्हणाले आणि वाकून दोरीखालून पलीकडं गेले. आता बघा, वात काही त्यांनी लावली नव्हती. पण बत्तीस वर्षांची रीत पायात मुरलेली, पाय निघाले.

तेवढ्यात बाईंना खालचं घुमणं ऐकू आलं, आजवरच्यापेक्षा जड. ते कानानंच कळणारं, आणि मुंजाजींचे कान तर खिशात.

"नका जाऊ!"

बाईंच्या तोंडातून निघून गेलं. मुंजाजी चालतच होते. मग बाई उठल्या. दोन्ही गुडघे गेलेली बाई, पण कासोटा आवळून दोरीखालून अशी धावली की बघणारे तोंडात बोटं घालून उभे राहिले. मागून सदरा धरला आणि सगळं अंग टाकून नवऱ्याला मागं ओढलं. दोघं कातळावर पडले, पुन्हा ओढत-रांगत दोरीशी आले, आणि फुंकणी फुटली. ते पाणी दोन परस नव्हतं, चार परस होतं. जिथं मुंजाजी निघाले होते तिथं नुसता फेस उकळत होता.

दोघं निथळत दोरीच्या अलीकडं बसले. बाईंच्या हातून सदरा अजून सुटला नव्हता.

"हाक मारायची न्हाई व्हय?" मुंजाजी म्हणाले.

बाईंनी त्यांचं तोंड आपल्याकडं वळवलं. "मारली. नका जाऊ म्हणलं."

"तू म्हणलीस?"

"मीच म्हणलं. लगीन झाल्यापासून म्हणायलेय. आज भाईर पडलं."

मुंजाजी बाहीचं पाणी पिळत राहिले. मग हळूच म्हणाले, "आधीच म्हणायचं ना."

"टोकल्यावर थांबला असता का?"

"काय की," मुंजाजी म्हणाले. माणूस खरा. बाईंना खोटं सांगणं त्यांना कधी जमलं नाही.

पडताना त्यांची एक चप्पल तिकडंच निसटली होती, भोकापासून दहा पावलांवर. चप्पल दिवाळीतली, नवीकोरी. समुद्र पुन्हा शांत झालेला. मुंजाजी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दोरीला हात घातला.

बाई जागच्या हलल्या नाहीत. सदरा धरला नाही की ओरडल्या नाहीत. ते वळून बघेपर्यंत थांबल्या, आणि त्यांना ओठ दिसतील असं, बारीक आवाजात म्हणाल्या, "नका जाऊ."

मुंजाजींनी चपलेकडं पाहिलं, बाईंच्या ओठांकडं पाहिलं, आणि खाली बसले.