साहेबांचा डबा आणि सर्व्हर

जीन्स धुण्याच्या कामात वडिलांचे हात कायमचे निळे झाले, तेव्हा कुठे घरात पहिली पदवी आली. ती माझी. अंबरनाथच्या एका कारखान्यातला तापणारा सर्व्हर दुरुस्त झाला, तरच कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कंपनीतली माझी नोकरी पक्की होणार होती.

सर्व्हरच्या रॅकमागे, गरम हवा बाहेर पडते तिथेच, तिथल्या साहेबांचा स्टीलचा डबा टेकवलेला होता.

"मॅडम, सर्व्हर जेवणानंतर बंद करा ना. भेंडी गार होते," साहेब म्हणाले.

"सर, डब्याने हवा अडते, म्हणून तर सर्व्हर तापतोय."

"मग चांगलंच आहे की!"

त्यांनी झाकण मायेने चाचपलं. त्या सर्व्हरची एवढी कदर कारखान्यात दुसरं कुणी करत नसावं.

मी डबा त्यांच्या हातात ठेवला, सर्व्हर रीतसर बंद केला, धूळ काढली आणि पुन्हा चालू केला. तो थंड राहिला. माझी नोकरी पक्की झाली.