अप्पांच्या अडतीतलं काचेचं कॅबिनेट

कॉम्प्युटरची स्वस्तातली कॅबिनेटं विकणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते धुळीसारखे आपोआप साचतात. धूळ निदान ब्लोअर मारला की जाते. आमचे किस्से गुलबर्ग्याच्या अर्ध्या बाजाराला पाठ आहेत, आणि त्यातल्या एकातही आम्ही शहाणे दिसत नाही.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मामेभाऊ शिवराज. त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या मामांना, सगळे अप्पा म्हणतात. त्यांची तुरीची अडत. अडतीला लागून असलेली खोली त्यांनी आम्हाला कॉम्प्युटर जोडायच्या धंद्यासाठी दिली. देताना एवढंच म्हणाले, "बाजारात लोकं माझ्या शब्दावर माल उचलतेत. तुमच्या डब्यांनी त्याला बट्टा लावू नका."

बट्टा लावायला आम्ही पहिल्याच गिऱ्हाइकापासून सुरुवात केली. एक मास्तर समोर खुर्ची टाकून बसले होते. कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड बसवला, स्क्रू आवळले, वायरी खोचल्या, आणि बघतो तर पत्र्याची पट्टी टेबलावर तशीच! ती बोर्डाच्या आधी कॅबिनेटच्या मागच्या चौकटीत बसवायची असते. आता सगळं परत उचकटावं लागणार. मास्तरांनी विचारलं, "हे काय उरलंय?"

"सर, ते कंपनी जास्तीचं देते," शिवराज म्हणाला आणि त्यानं पट्टी पिशवीत घालून त्यांच्या हातात दिली. मी छताच्या पंख्याकडे बघत राहिलो.

थोड्याच दिवसांनी मास्तर मशीन घेऊन आले. मोकळ्या चौकटीतून पाल आत शिरली होती. म्हणाले, "हे बी कंपनीनंच जास्तीचं दिलंय का?"

कमठाण्याच्या एका अक्कांना कॅबिनेट भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायचं होतं. त्या कोनाड्याच्या मापाची सुतळीच घेऊन आल्या. मी सुतळी लावून लावून दुकानातलं सगळ्यात बुटकं कॅबिनेट निवडलं. घरी नेऊन सरकवलं, उंचीला अगदी फिट्ट. मग अक्का म्हणाल्या, "आन् वायर कुठनं घालायची?" वायरींच्या सगळ्या जागा मागे, आणि मागे भिंत. शेवटी कॅबिनेटची पाठ पुढे करून ठेवली. त्यामुळे चालू करायचं बटण भिंतीकडे गेलं. अक्का आजही बाजूच्या फटीतून लाटणं आत घालून कॉम्प्युटर चालू करतात.

गाणगापूरच्या एका लॉजमालकाला काउंटरवर शोभेल असं काहीतरी हवं होतं. शिवराजनं काचेचं, आत रंगीत दिवे आणि वरती जाळी असलेलं कॅबिनेट त्यांच्या गळ्यात मारलं. मालकांनी हौसेनं आत दत्ताचा फोटो चिकटवला. मग त्यांचा फोन आला, "पंखा खडखड करायलाय." जाऊन कॅबिनेट उलटं केलं तर आतून नाणी पडायला लागली. यात्रेकरू वरच्या जाळीतून दक्षिणा टाकत होते! आम्ही खाली बसून नाणी वेचत असताना एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "देवाचे पैसे कामून काढायलाव रे?" लॉजमधली सगळी माणसं बघायला लागली. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

हे सगळं अप्पांच्या कानावर जायचं. ते काही बोलायचे नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटायची. तरी अडतीसाठी त्यांनी मशीन आमच्याकडूनच घेतलं. पुढे जाळी आणि धूळ अडवायची गाळणी असलेलं साधं कॅबिनेट द्यायला हवं होतं. पण अप्पांच्या पेढीवर झगमगाट पाहिजे म्हणून आम्ही पुढून काच असलेलं दिलं. त्यात हवा फक्त खालच्या फटीतून जायची, आणि खाली तर तुरीचा भुसाच भुसा.

ऐन सौद्याच्या वेळी, पेढीवर व्यापारी बसलेले असताना, मशीन बंद पडलं. शिवराजनं सगळ्यांसमोर काच काढली. आत भुशाचा जाड थर होता. कोणीतरी हसलं. एका व्यापाऱ्यानं विचारलं, "अप्पा, हे तुमच्या पोरांनीच जोडलंय नव्हं?" शिवराजची मान वर होईना.

अप्पा गादीवरून उठले नाहीत. म्हणाले, "पोरांचं काम चोख हाय. सकाळी माझ्याच हातनं चहा सांडला त्याच्यावर."

अप्पांनी आयुष्यात कधी चहा घेतलेला नाही, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. मग समोर बसलेले म्हातारे दलाल खाकरले आणि म्हणाले, "व्हय. मीच पाजलो होतो."