दिलेलं पोचू दे

यंत्राला एक सूचना दिली की मुकादम मॅडम दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. घणसोलीजवळच्या आमच्या कारखान्यात त्या डबे उचलणारे रोबो बसवायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली शिकत होतो. आधी मला वाटलं, बाईंना गर्व आहे. पुढे कळलं, त्या स्वतःलाच आवरायच्या.

काम दिसायला सोपं. रोबोचा हात हव्या त्या जागेपासून किती दूर आहे, हे कंट्रोलर सारखं पाहतो आणि त्या मानाने जोर लावतो. पुन्हा पाहतो, पुन्हा लावतो. पण लावलेला जोर पोचायला वेळ लागतो. मला तेवढा धीर कुठला! मी जोर वाढवत सुटायचो आणि हात जागा ओलांडून पुढे, मग मागे, असा डब्यांसकट थडथडायचा. मॅडम म्हणायच्या, "अरे, गिझरचा नळ सोडलास, गरम पाणी यायच्या आधी अजून सोडलास, आता भाजल्यावर बोंबलतोस! दिलेलं पोचू दे की. तुझ्या बायकोचं कठीण आहे बाबा." मोठे साहेब घड्याळ दाखवत आले, तर त्यांनाही सुनावायच्या, "सर, तुमी चहा घेऊन या. तोवर पोचेल."

मॅडमचा जीव नवऱ्यात, अन्वरभाईंत, गुंतलेला होता. त्यांना जुना मधुमेह. एका दुपारी अन्वरभाईंना ताप भरला आणि साखर भलतीच चढली. मॅडमनी इन्सुलिन टोचलं. थोड्या वेळाने तपासलं, तर आकडा तसाच. पुन्हा टोचलं. तरी उतरेना, म्हणून आणखी. पोटात अन्नाचा कण नव्हता. संध्याकाळी सगळे डोस एकदम अंगात भिनले, साखर कोसळली आणि अन्वरभाई घामाने भिजून बेशुद्ध पडले. दवाखान्यात नेलं, पण ते शुद्धीवर आलेच नाहीत.

ऐकून मला खरंच वाटेना. ही चूक आमच्यापैकी कुणाचीही झाली असती, त्यांची नाही. जुईनगरला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मॅडम, तुम्हाला घाबरून सुचलं नसेल."

"सुचलं होतं रे, सतीश. औषधाला वेळ लागतो, थांबायला पायजे, सुई हातात होती तेव्हापण सगळं माहीत होतं."

"मग?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मॅडमनी आतल्या खोलीतल्या रिकाम्या पलंगाकडे बोट दाखवलं.

"ते कण्हत होते," त्या म्हणाल्या. "रोबो कधी कण्हला नव्हता रे माझ्यासमोर."